निवृत्त साहेबाची नोकरी

थायलंडातल्या चियांग माईत हा साहेब कुठंही भेटतो. वय 50च्या पुढे कितीही. त्याआधी तिथलं सरकार कुणाला निवृत्तीचा व्हिसा देत नाही. अंगात अर्धी चड्डी, पायात सपाता आणि काखेत प्लास्टिकची फाईल. फाईल दिसली की ओळखावं, हा पर्यटक नव्हे, मुरलेला रहिवासी.

जन्मभर इंग्लंडात खर्डेघाशी केली, आता आराम करू म्हणून साहेब इकडे आला आणि पूर्णवेळ नोकरीला लागला. पगार नाहीच, उलट स्वतःचेच 8 लाख बाट बँकेत ठेवायचे. अर्जाआधी दोन महिने आणि मुदतवाढीनंतर तीन महिने त्यांना हात लावायचा नाही. पुढंही शिल्लक 4 लाखांखाली जाऊ द्यायची नाही. शिवाय दर 90 दिवसांनी ‘मी इथंच राहतो’ असं इमिग्रेशनला कळवायचं. विसरलं की दंड. आपले पेन्शनर वर्षातून एकदा हयातीचा दाखला देतानाही कुरकुरतात. साहेब वर्षातून चारदा हजेरी लावतो, तीही इस्त्रीचा शर्ट घालून.

मुदतवाढीच्या दिवशी पासपोर्टच्या झेरॉक्स, प्रत्येकीवर सही, घराचा नकाशा, फोटो, 1,900 बाट शुल्क. आणि निळ्या शाईचं पेन, कारण काळी चालत नाही अशी साहेबलोकांत वदंता आहे.

संध्याकाळी बिअर पिता पिता तो नवख्याला गाठतो. “री-एंट्री परमिट काढलंस? नाही? मग देशाबाहेर पाऊल टाकलंस की व्हिसा मेला!” नवखा पांढरा पडला की साहेब खुलतो. इतक्या वर्षांत थाई भाषा नमस्कारापुढे सरकलेली नाही. पण टीएम 7, टीएम 30, टीएम 47 हे फॉर्म तोंडपाठ.

दुःख एकच. ब्रिटनमधल्या पेन्शनरांची सरकारी पेन्शन दर एप्रिलला वाढते. थायलंडात राहणाऱ्याची गोठते. यावर तो तासभर बोलतो. “मग परत का जात नाही?” असं मार्चमध्ये विचारून पाहा. रानं-शेतं जाळल्याच्या धुरानं समोरचा दोई सुथेप डोंगर दिसेनासा झालेला असतो. साहेब खोकत खोकत सांगतो, “तिकडची हवा मानवत नाही.”

तेव्हा निवृत्तीनंतर वेळ कसा जाईल याची चिंता असेल, तर थायलंड गाठा. मात्र झेरॉक्स दोन जादा ठेवा.