पुढची सीट

सातारा ते गुहागर या रस्त्यावर बघण्यासारखं काय आहे, हे आमच्या दत्तूकाकांना विचारू नये. कुलदैवत व्याडेश्वर, त्यामुळे दरवर्षी गुहागरला जाणं आलं आणि गुहागर म्हटलं की कुंभार्ली घाट आला. पण इतकी वर्षं जाऊन-येऊनही काकांनी कोयनेचं धरण पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या डोक्यातला या रस्त्याचा नकाशाच वेगळा आहे. उंब्रज म्हणजे गोळी अंगात भिनलेली असायला हवी ते ठिकाण. पाटणपर्यंत बोलायला हरकत नाही. कोयनानगरला तोंडातली आवळासुपारी बदलायची. हेळवाक गेलं की मौन. मग पोफळी आली की मान न हलवता, ओठांच्या कोपऱ्यातून विचारायचं, ‘‘उतरलो का रे?’’

काकांना गाडी लागते. म्हणजे लागायची. म्हणजे नेमकं काय, ते कोणालाच ठाऊक नाही. हा त्रास दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा होत नाही, शाळकरी वयात सगळ्यात जास्त होतो आणि पुढे वय वाढेल तसा बऱ्याच जणांचा ओसरतो. काका तर हायस्कुलातून विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांना शेवटची उलटी झाली ती पाहिलेलं माणूस नात्यात आता एकच उरलंय, आणि त्या आजींना हल्ली नावं आठवत नाहीत. तेव्हा काकांना गाडी लागत नाही हा उपायांचा गुण की वयाचा? तपासायचं तर एकदा त्यांना बिनउपायांचं घाटातून न्यावं लागेल, आणि त्या दिवशी त्यांच्या शेजारी बसायला कोणी तयार नाही.

काकांची सगळी ताकद याच शंकेत आहे. गाडीत हुकूम कोणाचा चालतो? पेट्रोलचे पैसे देणाऱ्याचा नाही, वडीलधाऱ्यांचाही नाही. ज्याला उलटी होऊ शकते त्याचा. झालेली उलटी पाच मिनिटांत आटोपते. गाडी थांबते, चूळ भरली जाते, कोणीतरी पाठीवरून हात फिरवतं आणि माणसं पुन्हा भेंड्या खेळायला मोकळी होतात. होऊ शकणारी उलटी मात्र साताऱ्यापासून गुहागरपर्यंत पुरते. तिच्या जोरावर काकांनी आधी पुढची सीट घेतली, मग खिडकीची काच, मग एसीचं बटण आणि शेवटी गाणी. आवडतं संगीत लावलं तर त्रास कमी जाणवतो, असे प्रयोग झालेले आहेत. काकांना ते माहीतही आहेत. पण गाणी काकूंच्या आवडीची असतात.

मोहीम आदल्या रात्री सुरू होते. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको, म्हणून सगळ्या घराला मऊ भात, मेतकूट आणि चमचाभर तूप. सगळ्या घराला, कारण शेजारच्या माणसानं मिसळ खाल्लेली असेल तर तिचा वास गाडीभर फिरतो. पहाटे निघण्याआधी तासभर प्रोमेथाझिनची गोळी. ती वेळेवर घेतली तरच उपयोग. एकदा मळमळायला लागल्यावर घेतली तर पोटात ठरतेय कुठे? हे काकांचं म्हणणं डॉक्टरही मान्य करतील. मात्र त्यानंतर काका जे करतात ते डॉक्टरांनी बघू नये. ते शर्टाच्या आत पोटाला वर्तमानपत्र बांधतात. ‘‘याला शास्त्रीय आधार नाही,’’ असं स्वतःच सांगत बांधतात. अग्रलेखाचं पान आतल्या बाजूला. ते चुकून वाचण्यात आलं तर मळमळ वाढते.

मग पिशवी. आलेपाक, आवळासुपारी, ओवा, मधोमध चिरून मीठ लावलेलं लिंबू, नाकाशी धरायला अख्खं लिंबू, मनगटाच्या घडीपासून तीन बोटांवर दाबणारे पट्टे, ओला रुमाल, आणि प्लास्टिकच्या पिशव्या. या पिशव्या काका घरीच पाणी भरून, उलट्या धरून तपासतात. गळकी निघाली तर ती काकूंकडे, कोथिंबिरीसाठी. पिशवीत मनुकाही असतात. त्या चार्ल्स डार्विनच्या. डार्विन १८३१ च्या डिसेंबरात बीगल जहाजावर निघाला आणि जवळजवळ पाच वर्षांच्या त्या सफरीत समुद्रानं त्याला मनसोक्त छळलं. पोटात टिकायची ती बिस्किटं आणि मनुका. ‘‘इतकी बोट लागूनसुद्धा त्यानं उत्क्रांती शोधली,’’ काका सांगतात. काकू मागून म्हणतात, ‘‘त्याच्या बायकोला बरोबर न्यायचं नव्हतं ना!’’

काकांचा खरा अभिमान मात्र जेक गार्न. हे अमेरिकेचे सिनेटर १९८५ मध्ये डिस्कव्हरी यानातून अंतराळात गेले आणि तिथं त्यांना असं काही लागलं, की नासातल्या मंडळींनी थट्टेत या त्रासाचं मापच त्यांच्या नावानं पाडलं. एक गार्न म्हणजे परमावधी. चांगले अंतराळवीर फार तर दशांश गार्नपर्यंत पोचतात. काकांनी हे माप सह्याद्रीला लावलं आहे. ताम्हिणी पाव गार्न, कुंभार्ली अर्धा, आंबेनळी पाऊण. वरंध घाटाचा आकडा ते सांगत नाहीत, नुसते डोळे मिटतात. आमच्या घरातली पोरंसुद्धा आता ‘मला कसंतरी होतंय’ असं म्हणत नाहीत. ‘मला पाव गार्न झालाय’ म्हणतात, आणि शाळेत बाईंनी हे ऐकून घरी चिठ्ठी पाठवली होती.

गाडी सुटली की तास सुरू. काका मागे वळत नाहीत, वळता येत नाही, म्हणून समोरच्या काचेला शिकवतात. ‘‘कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या. त्यांत द्रव. डोकं वळलं की तो हलतो. शिवाय चुनखडीचे बारीक कण. ते सांगतात, गाडी दबली, सुटली, वर-खाली झाली. आता तू, मोबाइलवाल्या! तुझे डोळे कुठे आहेत? त्या स्थिर चौकोनात. डोळे म्हणतात, आपण बसलोय. कान म्हणतात, आपण वळतोय. मेंदूनं कोणाचं ऐकायचं? एक मत असं आहे, की त्याला वाटतं, ज्या अर्थी ही दोघं वेगवेगळं बोलतायत, त्या अर्थी आपण विष खाल्लं. म्हणून तो पोट रिकामं करायला सांगतो.’’

‘‘माझ्या हातचं खाल्लं की तुमच्या मेंदूला विषच आठवायचं,’’ काकू म्हणतात.

उपाय बिनचूक असतात, यात वाद नाही. नजर दूर ठेवा, डोंगराच्या कडेवर. काही वाचू नका. मागच्या चाकांच्याही पाठीमागे बसू नका, तिथं उसळी जास्त. सुगंधी डबी डॅशबोर्डवरून काढा. फक्त होतं असं, की उपाय गाडीभर लागू होतात आणि फायदे पुढच्या सीटवर जमा होतात. मागच्या चाकांच्या पाठीमागची जागा तर कोणाला तरी घ्यावीच लागते. ती काकूंची. त्यांच्या मांडीवर नैवेद्याचा डबा, पायाशी नारळ, आणि परतीच्या वाटेवर काही नाही, कारण फणस वासाचा, सुके बोंबील तर बोलायलाच नकोत. इतक्या वर्षांत कोकणातून काकूंनी काय आणलं? आमसुलं. तीही काकांच्या पिशवीत गेली.

घाटाचा मुख्य विधी म्हणजे झुकणं. चालवणाऱ्याला गाडी लागत नाही, कारण वळण त्याच्या हातांना आधी कळतं आणि त्याचं डोकं आपोआप वळणाच्या आत झुकतं. बसलेल्यांची डोकी बाहेर फेकली जातात. तेव्हा आपणही ड्रायव्हरसारखं झुकायचं. काका पुकारा करतात, ‘‘डावीकडेऽऽ!’’ आणि आमची तीन पिढ्यांची माणसं, नैवेद्यासकट, डावीकडे कलतात. ‘‘उजवीकडेऽऽ!’’ सगळी उजवीकडे. समोरून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरनं एकदा हा प्रकार पाहिला आणि त्यानं गाडी कडेला घेऊन आम्हाला वाट दिली. काकांना तो सन्मान वाटला. हेळवाकनंतरच्या मौनाला हा पुकारा अपवाद आहे, हे सांगायला नकोच.

चालवणाऱ्याला लागत नाही, हे वाक्य काका आम्हाला वर्षानुवर्षं सांगत आले. स्वतः त्यांनी ते उशिरा ऐकलं असावं. निवृत्तीनंतर एके दिवशी ते ड्रायव्हिंग शिकायला गेले. शिकवणाऱ्या पोरानं त्यांना साताऱ्याच्या पोवई नाक्यावरून फिरवलं आणि काकांनी त्याला कान शिकवला. लायसन्स मिळालं. मुलाची जुनी गाडी अंगणात उभी होतीच. पुढच्या वारीला भाड्याची गाडी रद्द झाली.

काकांनी त्या दिवशी गोळी घेतली नाही. तिनं झोप येते, चालवणाऱ्यानं ती घेऊच नये. वर्तमानपत्र बांधलं नाही. आणि त्यांना खरंच काही झालं नाही. इतके खुशीत होते की कोयनेचं धरण दाखवायला त्यांनी स्टिअरिंगवरून हात सोडला. प्रश्न आमचा होता. काका ब्रेक दाबत नाहीत, मारतात. क्लच सोडत नाहीत, फेकतात. शिवाय वेग असा, की गाडी पुढं जातेय की नुसती डुलतेय ते कळू नये, आणि सावकाश डुलण्याइतकं पोटाला वाईट काहीच नाही. पाच सेकंदांत एक झोका, हे प्रमाण सगळ्यात घातक, असं काकांनीच एकदा सांगितलं होतं. ते पाटणपासून अचूक पाळत होते. धाकटा पुतण्या पांढराफटक पडला. त्याच्या बायकोनं तपासलेली पिशवी मागितली. काका आरशातून बघत म्हणाले, ‘‘डोंगराच्या कडेकडे बघा! मी काय सांगत होतो?’’ त्यांच्या आवाजातला आनंद लपत नव्हता. एवढे रुग्ण त्यांना एकदम कधीच मिळाले नव्हते.

कोयनानगर आलं तेव्हा अगदी मागून काकूंचा आवाज आला. ‘‘अहो, थांबवा.’’

‘‘तुला लागतेय?’’ काकांचा विश्वास बसेना. ‘‘किती?’’

‘‘एक गार्न.’’

गाडी थांबली. काकू उतरल्या, नैवेद्याचा डबा माझ्या हातात दिला, पुढचं दार उघडलं आणि पुढच्या सीटवर बसल्या. काच खाली केली. एसी बंद केला. पर्समधून पेन ड्राइव्ह काढून लावला. तो पर्समध्ये किती वर्षं होता देव जाणे. मग टपरीवरच्या पोराला हाक मारून गरम बटाटेवडे मागवले, सगळ्यांना पुरतील एवढे, वर तळलेल्या मिरच्या.

‘‘अगं, तेलाचा वास! त्यानं तर...’’

‘‘मला तेलाचा त्रास नाही होत,’’ काकू वडा मोडत म्हणाल्या. ‘‘मला बोलण्याचा होतो.’’

घाट लागला. पहिल्याच वळणाला काकांचं तोंड सवयीनं उघडलं. ‘‘डा...’’ काकूंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मिरचीचं देठ खिडकीबाहेर टाकलं आणि मांडीवरची प्लास्टिकची पिशवी शांतपणे उलगडायला घेतली.