डोक्यावरचं लिंपण

टक्कल झाकायला केस लागतात, केस उभे राहायला जेल, जेल चमकायला सीरम, आणि लग्नाच्या मांडवात घामापुढे हे सगळं टिकायला वरून स्प्रे. एवढा बंदोबस्त करून कोलाड नाक्यावर उभं राहावं, तर रिक्षावाला विचारतो, “काका, रोह्याला का?” दादा म्हणायला काय जातं?

डोक्यावर थर साचायचाच होता. सलूनमधल्या पोराने बोट फिरवून विचारलं, “पुट्टी मारलीय का?”

घरगुती उपाय सांगायला माणसं टपलेलीच असतात. भाची म्हणाली खायचा सोडा. सोड्याने चिकटा निघतो खरा, पण तो अल्कधर्मी आणि टाळू किंचित आम्लधर्मी. केसावरचे खवले उघडतात, केस खरखरीत होऊन तुटतात. तुटण्याची चैन माझ्या डोक्याला परवडणारी नाही. शेजारच्या वहिनींनी व्हिनेगर सुचवलं. बायको म्हणाली, “व्हिनेगर कशाला? आमसुलं आहेत की!” आंबट पाण्याने बोअरच्या जड पाण्याचे क्षार सुटतात, केस मऊही पडतात. थरातलं मेण आणि सिलिकॉन मात्र जागचं हलत नाही. शिवाय आमसुलात मीठ असतं. टाळूवर कंगव्याचा ओरखडा असेल, तर सगळे पूर्वज ओळीने आठवतात.

उरली शिकेकाई. तिच्यातलं सॅपोनिन फेसाळतं आणि तेलकट थर पाण्याबरोबर वाहून नेतं. रात्री शेंगा आणि फोडलेले रिठे भिजत घालायचे, सकाळी उकळून गाळायचे, धुताना डोळे घट्ट मिटायचे. आणि पाणी भरपूर हवं, नाहीतर चोथा केसांत अडकून नवाच थर बसतो.

आता पाण्याचा विषय निघालाच आहे. आमच्या कुंडलिका नदीत सकाळी जे पाणी उसळतं, ज्यावर मुंबई-पुण्याची मंडळी हेल्मेट घालून किंचाळत जातात, ते मुळात आमचं नव्हेच. ते मुळशीचं. निसर्गाच्या मनाप्रमाणे ते मुळा, भीमा, कृष्णा असं फिरत बंगालच्या उपसागराला मिळायचं. टाटांनी धरण बांधून ते पश्चिमेला वळवलं, सह्याद्रीवरून खाली भिऱ्याला आणलं आणि 1927 पासून त्यावर वीज काढली. वीज मुंबईला, उरलेलं पाणी आम्हाला. भिऱ्याचं वीजघर चाललं की नदीला पाणी, म्हणून आमच्याकडचं राफ्टिंग बारमाही, आणि म्हणूनच त्याची वेळ नदी ठरवत नाही. धरणाविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांनी मावळ्यांना घेऊन सत्याग्रह केला. गावं बुडालीच. कोणाच्या तरी भातखाचरावरून आलेल्या त्या पाण्यात आपण सीरम सोडतो, हा विचार एकदा मनात आला की डोकं हलकं वाटेनासं होतं.

असो. शिकेकाई आणायला बाजारात गेलो. कातकरी बाई वाटे लावून बसली होती. राफ्टिंगहून परतलेलं एक जोडपं तिच्याशी दहा रुपयांवरून हुज्जत घालत होतं. रानात काट्यांतून हात घालून शेंगा तोडायच्या, वाळवायच्या, डोक्यावरून नाक्यापर्यंत आणायच्या, आणि वर ऐकायचं की “फुकटच तर मिळतं तुम्हाला जंगलात.” सीरमच्या बाटलीशी अशी हुज्जत मी कोणाला घालताना पाहिलेलं नाही. मीही घातलेली नाही, आणि ती बाटली कितीला येते ते बायकोला अजून कळलेलं नाही.

डोकं आईने धुतलं. माझ्यावर सोपवलं असतं तर निम्मी शिकेकाई डोळ्यांतच गेली असती. मागल्या दारी दगडावर बसवून, मान दाबून, “हलू नकोस” म्हणत तिने वाकड्या झालेल्या बोटांनी असं काही चोळलं, की जेल गेलं, सीरम गेलं, वयही काही काळ गेलं. मग तिची बोटं टाळूवर येऊन थांबली.

“यांचेही केस असेच गेले होते,” ती म्हणाली. मी हळवा व्हायच्या बेतात होतो. तेवढ्यात तिने तांब्या ओतला.

“त्यांना शोभायचं मात्र.”