शिल्लक तुमची, उधारी माझी

प्रति,
मा. महाराष्ट्र राजकोषीय उत्तरदायित्व अधिनियम, 2005,
मुक्काम मंत्रालय.



31 मार्च 2025. रात्री साडेअकरा वाजता माझे बिल परत आले. काम काय, तर ओढ्यावरची एक मोरी. मोजमाप पुस्तिकेत नोंद झालेली, सह्या झालेल्या, दोन पावसाळे पाणी खालून गेलेले. बाबू बीम्स, म्हणजे सरकारची निधीवाटपाची संगणकप्रणाली, बघून म्हणाले, "बीम्सवर निधी नाही. एप्रिलमध्ये बघू."

तेव्हा तुमची थोरवी कळली. सरकारचा हिशेब रोखीचा. पैसे दिले तर खर्च, नाही दिले तर खर्च झालाच नाही! म्हणजे माझी मोरी अजून बांधलेलीच नाही. पाणी उगाचच खालून जाते.

त्या रात्रीच्या तीनच आठवडे आधी राज्याचा अर्थसंकल्प आला होता. राजकोषीय तूट 1,36,235 कोटी, पण स्थूल राज्य उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आत. अभिनंदन! महसुली तूट तर शून्यावर आणायची होती ना तुम्हाला? अंदाज 45,891 कोटींचा. असो, वीस वर्षांत माणूसही बदलतो.

तुम्ही एकटेच असे नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या घटनेतच संतुलित अंदाजपत्रकाचे कलम आहे. 2017 मध्ये तिथली थकलेली बिले 1,600 कोटी डॉलरच्या वर गेली होती. घटनेचा मान राहिला, दुकानदार वाट बघत राहिले. आमच्याकडच्या नगरपरिषदाही दरवर्षी शिलकी अंदाजपत्रक मांडतात. नळाला पाणी दिवसाआड.

चंपाषष्ठीला आमच्या ओझरला खंडोबाचे बारागाडे ओढतात, ते वर्षातून एकदा. उधारीचे बारागाडे मी बारा महिने ओढतो. सिमेंटवाले अण्णा परवा वही पुढे सरकवून म्हणाले, "शेट, सरकारला तुम्ही उधार देता, मग मलाच का रोख मागायला लावता?" बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला कापला जातो. तिथे "एप्रिलमध्ये बघू" चालत नाही.

ही कसली शिस्त? तूट गेली कुठेच नाही. मंत्रालयातून उठून माझ्या वहीत येऊन बसली. तिच्यावर व्याज मी भरतो आणि कौतुक तुमचे होते! लाज वाटत नाही?

नाही, तुम्हाला कशाला बोलू? तुम्ही घटनेतले कलम नव्हे, विधिमंडळाचा साधा कायदा. ज्यांना आवरायचे, त्यांनीच तुम्हाला जन्म दिला. त्यांना वाटेल तेव्हा ते तुम्हाला बदलूही शकतात. केंद्राचे देणे बाकी असेल, तर राज्यघटनेचे कलम 293 राज्याच्या नव्या कर्जासाठी केंद्राची संमती मागते. माझ्याकडून घेतलेल्या उधारीला तेवढीही लागत नाही. हातात काठी नसलेल्या राखणदाराला दोष देऊन काय उपयोग?

एकच मागणे आहे. तुटीच्या आकड्याखाली आणखी एक ओळ छापायला लावा: काम पूर्ण, पैसे बाकी, एकूण इतके कोटी. मग तीन टक्के मोजा.

शनिवारी मुकादम पगाराला येईल. त्याला टक्केवारी कळत नाही.

कळावे,
ओझरचा एक छोटा ठेकेदार