मामलेदारांचे फ्रेंच

पॅरिसला निघणाऱ्या प्रवाशांच्या हितार्थ छापलेल्या फ्रेंच संभाषण-पुस्तिकांत प्रश्नांची जेवढी समृद्धी असते, तेवढेच उत्तरांचे दुर्भिक्ष असते. आमचे सहप्रवासी निवृत्त मामलेदार; आपण विचारावे आणि रयतेने हात जोडून सांगावे हा त्यांचा हयातभराचा शिरस्ता. तेव्हा "ऊ ए ला स्तास्याँ द मेत्रो?", म्हणजे मेट्रोचे स्थानक कोठे आहे, हे वाक्य त्यांनी विमानात घोकून इतके निर्दोष केले होते की, रस्त्यात भेटलेल्या पहिल्याच आजीबाईंनी त्यांस त्या भाषेत मुरलेले गृहस्थ समजून श्वासही न घेता सविस्तर उत्तर दिले, आणि त्यातले 'मेत्रो' तेवढे त्यांच्या हाती लागले.

शिवाय 'उजवीकडे' यासाठी 'आ द्र्वात' आणि 'सरळ' यासाठी 'तू द्र्वा' असे, जवळजवळ अखेरच्या एका तकारानेच विभक्त होणारे शब्दप्रयोग योजून फ्रेंचांनी परकीयांची जी सोय केली आहे, तिच्या कृपेने आम्हांस सेन नदीचे दर्शन कार्यक्रमात नमूद केलेल्या दिवसाच्या आधीच घडले. जमिनीच्या चतुःसीमेत असली संदिग्धता आढळती, तर दोन पिढ्या दिवाणी दावे चालले असते, असा अभिप्राय मामलेदारांनी तेथल्या तेथे नोंदविला.

तिकिटाच्या खिडकीवर मात्र त्यांची गाठ निराळ्याच कायद्याशी पडली. "दो तिके, सिल व्हू प्ले" अशी मागणी त्यांनी 'कृपया' धरून रीतसर केली. आतल्या बाई "बोंजूर" एवढेच म्हणाल्या आणि थांबल्या. मागणीचा पुनरुच्चार झाला. पुन्हा "बोंजूर", या खेपेस किंचित थंड. त्या देशात दुकान असो, बस असो वा सरकारी कचेरी, आधी नमस्कार घडल्याखेरीज कोणतेही काम सुरू होत नाही, हे मी कानात सांगताच मामलेदारांची मुद्रा उजळली. "म्हणजे बिनमुद्रांकाचा अर्ज! अहो, बाईंनी दाखल करून घेतला नाही ते कायदेशीरच झाले." तदनंतर त्यांनी बसचालकाला, तिकीट-तपासनिसाला आणि एकदा तिकिटाच्या यंत्रालाही "बोंजूर" केले.

भूगर्भात उतरल्यावर बोलण्यापेक्षा वाचण्याचेच काम अधिक. 'सोर्ती' म्हणजे बाहेर जाण्याची वाट, 'कोरेस्पोंदांस' म्हणजे गाडी बदलण्याची (शातले येथे ही दुसरी वाट धरणाऱ्याने शिदोरी सोबत घ्यावी). १९ जुलै १९०० पासून चालू असलेल्या पहिल्या मार्गावरही फलक पूर्व-पश्चिम जाणत नाहीत. दिशा म्हणजे अखेरच्या स्थानकाचे नाव, एकीकडे शातो द व्हँसेन, दुसरीकडे ला देफाँस. उतरावयाचे लूव्रला, पण गाडीचा अंत कोठे होणार हे आधी ठाऊक हवे, ही व्यवस्था मामलेदारांस अत्यंत वैराग्यपोषक वाटली. मोंपार्नासच्या फलाटावर 'ब्यांव्हन्यू' असे वाचून, हे आपलेच स्वागत असे समजून त्यांनी भिंतीस नमस्कार केला. ते मेट्रोचे जनक, अभियंते फ्यूल्जांस ब्यांव्हन्यू यांचे आडनाव असल्याचे कळल्यावरही त्यांनी तो परत घेतला नाही. संध्याकाळच्या गर्दीत दाराशी उभ्या असलेल्यास "व्हू देसांदे?", म्हणजे उतरणार का, असे पुसण्याची कला मात्र दादरला रोज उतरलेल्या माणसाला शिकवावी लागत नाही.

अखेरच्या दिवशी स्थानकाचे जाळीदार दार बंद आढळले. मामलेदारांनी बोंजूरपूर्वक चौकशी केली. पहारेकऱ्याने खांदे उडवून एकच शब्द उच्चारला: "ग्रेव्ह." संप! पॅरिसच्या नगरभवनासमोरील चौकास पूर्वी प्लास द ग्रेव्ह म्हणत. कामाच्या शोधातले मजूर तेथे जमत, आणि तेथूनच हा शब्द संपाला चिकटला. पुस्तिकेत त्याचा मागमूसही नव्हता, तरी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतून तो मामलेदारांस पाठ झाला होता. प्रश्न आणि उत्तर दोन्ही संपूर्ण समजलेले त्या प्रवासातले हे पहिलेच संभाषण. त्यामुळे गाडी नाही याचा यत्किंचितही खेद न करता त्यांनी पहारेकऱ्याचा हात हातात घेतला, "मेर्सी, मेस्यो" म्हटले, आणि आपल्या कारकिर्दीत झालेल्या तलाठ्यांच्या संपाची साद्यंत हकीकत त्यास मराठीतून सांगावयास प्रारंभ केला.