रिक्षा कोणीही चोरलेली नाही

ॲडलेड, दक्षिण ऑस्ट्रेलिया
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आबा,

पत्रास कारण की, तुमच्या नातवानं रिक्षा चोरलेली नाही. त्याच्यावर केस नाही. तारीख पडली आहे हे खरं, पण ती कोर्टाची नाही.

काल पहाटे काकांच्या थोरल्याचा फोन आला. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "पोराला जामीन मिळाला का?" मी झोपेत होतो, त्यामुळे "कुठल्या पोराला?" असं विचारून बसलो. त्यावर तो म्हणाला, "म्हणजे दोघंही आत आहेत का?" मग हळूहळू उलगडा झाला, की तुम्ही शनिवार उजाडायच्या आत संगमनेरच्या वकीलसाहेबांना गाठून पाचशे रुपये देऊन आला आहात, आणि आपल्या अख्ख्या तळेगावात आपल्याच घराची चर्चा आहे. फोनवर सांगून तुम्हाला पटणार नाही. कागदावर असेल तेच खरं, हा तुमचा सातबारापासूनचा नियम. म्हणून हे पत्र.

हे पारावर मोठ्यानं वाचून दाखवायला हरकत नाही. फक्त खाली जिथं 'खासगी' असं लिहिलंय, तिथून पुढचं तुम्ही एकट्यानं वाचावं.

तर शुक्रवारी रात्री काय झालं ते सांगतो. तुम्ही व्हिडिओवर होता. पोरगं तोंड पाडून बसलेलं. तुम्ही विचारलंत, "काय झालं रे?" तो म्हणाला, "आबा, तारीख पुढे गेली." "कशाची?" "ग्रँड थेफ्ट ऑटोची." आता 'थेफ्ट' हा शब्द तुम्हाला पाठ, कारण विहिरीवरची मोटर चोरीला गेली तेव्हा तो तुम्ही चार कागदांवर लिहून घेतला होता. 'ऑटो' तर रोज संगमनेरला जाते. तुम्ही विचारलंत, "कितीची पडली?" तो म्हणाला, "एकोणीस नोव्हेंबर. पुढच्या वर्षीची." आणि तेवढ्यात रेंज गेली. चूक तुमची नाही, आबा. एवढ्या पुराव्यावर मीही वकील गाठला असता.

खरी गोष्ट अशी. 'ग्रँड थेफ्ट ऑटो' हा कॉम्प्युटरवरचा खेळ आहे. अमेरिकेतली रॉकस्टार नावाची कंपनी तो काढते. त्यात आपण गाड्या पळवायच्या आणि पोलिसांनी आपल्यामागं लागायचं. सगळं पडद्यावर. पाचवा भाग १७ सप्टेंबर २०१३ ला आला, तेव्हा हा गडी रांगत होता. आता बारा वर्षांचा आहे, आणि जग अजून सहाव्या भागाची वाट बघतंय. डिसेंबर २०२३ मध्ये त्याची पहिली झलक दाखवली. २०२५ मध्ये येणार, म्हणाले. मग या मे महिन्यात कळलं, २६ मे २०२६ ला येईल. आणि आता परवा जाहीर झालं, १९ नोव्हेंबर २०२६.

आबा, भाषा ओळखीची वाटते ना?

मला तर इतकी वाटली, की मी पोराला समोर बसवून निळवंड्याची गोष्ट सांगितली. म्हटलं, तू दोन वर्षं वाट बघितलीस म्हणून रडतोस? तुझे आबा वीस वर्षांचे होते तेव्हा, १९७० मध्ये, अकोले तालुक्यात प्रवरेवर निळवंडे धरणाची कल्पना निघाली. तेव्हापासून आपल्या भागात दर निवडणुकीला एक झलक यायची. आबांनी कालव्याच्या भरवशावर सोयरीक जमवली, कालव्याच्या भरवशावर पोरं शिकवली, आणि कालव्याची आखणी जिथून जाणार होती तिथली बोरीची झाडं पुन्हा पुन्हा वाढताना बघितली. ३१ मे २०२३ ला डाव्या कालव्यात चाचणीचं पाणी सुटलं. २६ ऑक्टोबर २०२३ ला पंतप्रधान आले आणि जलपूजन झालं. डावा कालवा ८५ किलोमीटरचा, सात तालुक्यांतली १८२ गावं, आणि खर्च पाच हजार एकशे सत्त्याहत्तर कोटी.

पोरगं गप्प झालं. बोटांवर हिशोब करून म्हणालं, "त्रेपन्न वर्षं? मग त्याचे ग्राफिक्स किती भारी असतील!"

मी म्हटलं, कालवा आहे बाबा. मातीचा आहे.

पण तुमच्याबद्दलचा त्याचा आदर त्या रात्री दसपट वाढला, हे कळवतो. काल मित्रांना सांगून आला की, माझ्या आजोबांनी त्रेपन्न वर्षं वाट बघितली आणि शेवटी ते जिंकले.

ही पोरं नुसती वाट बघत नाहीत, आबा, वाट बघण्याचा उद्योग करतात. दीड मिनिटाची झलक थांबवून थांबवून बघतात. मागच्या पाटीवर काय लिहिलंय, गाडीचा नंबर काय, समुद्रात मगर आहे की ओंडका, यावर तासन्‌तास वाद. काही जण तर चित्रातल्या चंद्राची कला बघून पुढची बातमी कधी येणार ते सांगत होते. आपल्याकडे पंचांग बघून पाऊस सांगतात, अगदी तसंच, आणि खरं ठरण्याचं प्रमाणही तेवढंच.

आता तुम्ही म्हणाल, एवढी वाट बघून कधी काही येतं का? येतं, आबा. आणि यंदा आलं ते आमच्याच गावातून.

या ॲडलेडमध्ये टीम चेरी म्हणून तिघा जणांची कंपनी आहे. २०१४ मध्ये त्यांनी लोकांकडून वर्गणी काढली. गणपतीला काढतो तशीच, फक्त पावतीपुस्तक इंटरनेटवर. सत्तावन्न हजार डॉलर जमले. त्यातून २०१७ मध्ये एक खेळ निघाला, 'हॉलो नाइट'. सगळा किड्यांचा. नायक किडा, राजा किडा, शत्रूही किडेच. लोक वेडे झाले. वर्गणीदारांना कबूल केलं होतं, की हॉर्नेट नावाच्या दुसऱ्या पात्रालाही खेळवता येईल असा एक जोडभाग देऊ. तो जोडभाग वाढत वाढत स्वतंत्र खेळच झाला. चारी खणायला घेतली आणि धरण झालं म्हणा ना. त्याचं नाव 'सिल्कसाँग'. फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर केला, आणि पुढं साडेसहा वर्षं येतोय येतोय चाललं होतं. एवढा उशीर का, असं एका वार्ताहरानं विचारलं, तर म्हणाले, अडलं काहीच नव्हतं, आम्हाला काम करताना मजा येत होती. आबा, पन्नास वर्षांत आपल्याला इतकं प्रामाणिक उत्तर कुणी दिलं होतं का?

ऑगस्टच्या शेवटी त्यांनी एकदम सांगितलं, ४ सप्टेंबर. जेमतेम दोन आठवडे हातात होते. बाकीच्या छोट्या कंपन्यांनी घाईघाईनं आपले खेळ पुढं ढकलले. जत्रेत मोठा फड येणार म्हटल्यावर धाकटे फड राहुट्या गुंडाळून पुढच्या गावाला जातात, तशी गत.

खेळ बनला ॲडलेडमध्ये, पण मिळणार होता अमेरिकेची सकाळ धरून. म्हणजे इथं रात्री साडेअकराला. गुरुवारची रात्र, दुसऱ्या दिवशी शाळा. तुमच्या सूनबाईंनी बारापर्यंत परवानगी दिली. साडेअकरा वाजले आणि दुकानच बसलं! ऑनलाइन दुकानावर जगभरातून एवढी झुंबड उडाली, की दहावीच्या निकालाच्या दिवशी होतं तसं झालं. चाक फिरतंय, पान उघडत नाही. बारा वाजले. सूनबाई म्हणाल्या, झोपा. पोरगं म्हणालं, "आई, कालव्याच्या टेलला पाणी उशिरा पोचतं, पण पोचतं." हे वाक्य त्याला तुम्हीच शिकवलंत. त्यापुढं ती काय बोलणार? दीडच्या पुढं एकदाचा खेळ मिळाला. वीस अमेरिकन डॉलर. त्या दिवशी एकाच वेळी पाच लाखांहून जास्त लोक तो खेळत होते, त्यातला एक आमच्या हॉलमध्ये चादर पांघरून.

खेळ भलता अवघड आहे. पहिल्या आठवड्यात एकाच किड्याच्या हातून पोरगं चाळीस वेळा मेलं. तुम्हाला फोनवर सांगितलं, तेव्हा तुम्ही विचारलंत, "फवारणी करता येत नाही का?" त्यानं खरंच शोधलं. येत नाही.

धाकटीची तऱ्हा वेगळी. ती वाट बघते आहे पुण्याची. नॉडिंग हेड्स म्हणून पुण्यात कंपनी आहे. त्यांनी २०२० मध्ये 'राजी' नावाचा खेळ काढला. राजी नावाची मुलगी, तिचा भाऊ गोलू राक्षसांनी पळवलेला, आणि त्याला सोडवायला ती त्रिशूळ घेऊन निघते. अमेरिकेतल्या मोठ्या बक्षिसांत नव्या कंपन्यांच्या गटात त्याचं नामांकन झालं होतं. पुढचा भाग 'राजी : कलियुग' जाहीर झालाय. तोवर आमची राजी लाटणं घेऊन घरात फिरते आणि भावाला सोडवण्याऐवजी बडवते. तिनं विचारलंय, पुढच्या खेळात आबांची बैलजोडी घेतील का? मी म्हटलं, बैल तारखेला तयार होते, पण खेळ नव्हता, असं व्हायला नको. आधी कळवायला सांगू.

बाकी इकडं क्षेम आहे. जॅकरंडाला जांभळा बहर आलाय, ऊन तापायला लागलंय. दक्षिण ऑस्ट्रेलिया म्हणजे कोरड्या खंडातलं सगळ्यात कोरडं राज्य, असं इथले लोक अभिमानानं सांगतात. दुष्काळी माणूस जगात कुठंही गेला तरी बरोबर दुष्काळातच उतरतो. शहराला बरंचसं पाणी मरे नदीचं, पाइपातून. आणि नदीवर आपण शेवटी, टेलला! वरची राज्यं पाणी उचलतात म्हणून इथल्या पेपरात भांडणं चालतात. ती वाचून मला अगदी घरी असल्यासारखं वाटतं.

खासगी

आबा, हे एकट्यानं वाचा. तुम्हाला चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणजे काकांचा थोरलाच वाचणार. तेव्हा थोरल्या, हळू वाच, आणि आई जवळ नसताना वाच.

शुक्रवारी पोरगं खरं म्हणजे एवढं उदास नव्हतं. ग्रँड थेफ्ट ऑटो हा खेळ अठरा वर्षांवरच्यांसाठी असतो, त्याला मी आणून देणार नाहीच, हे त्याला ठाऊक आहे. त्याचा हिशोब सरळ आहे. "तारखा अशाच पुढं गेल्या तर खेळ येईपर्यंत मी अठराचा होईन." तोंड पाडून बसलो होतो मी. ते बघून त्यानं पाडलं.

२००३ साल आठवतं? पाऊस नव्हता, गावात टँकर होता. तुम्ही कांदा विकून माझी एमएससीआयटीची फी भरलीत. मी रोज एसटीनं संगमनेरला जायचो. क्लास एक तासाचा होता आणि मी तीन तासांनी यायचो. तुम्ही आईला म्हणायचात, "पोरगं लय अभ्यास करतंय." आबा, उरलेले दोन तास मी एका सायबर कॅफेत बसून याच खेळाचा जुना भाग खेळत होतो, 'व्हाइस सिटी'. शिवाय त्यासाठी लागणारे पैसे तुम्ही वहीला म्हणून दिलेले होते.

त्यात सगळीकडं समुद्र होता. घरी हंड्यांच्या रांगेत नंबर लावून यायचो आणि तिथं डोळे भरून पाणी बघत बसायचो. गंमत म्हणजे त्यातल्या नायकाला पोहता येत नव्हतं. पाण्यात पडला की मेला. एवढा मोठा गुंड, गाड्या पळवणारा, पण पाण्याशी ओळखच नाही. मला तो अगदी आपल्या तळेगावचा वाटायचा.

सहाव्या भागात कंपनी पुन्हा त्याच व्हाइस सिटीला जाणार आहे. म्हणून पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर मी तारखा मोजतोय. वहीच्या पैशांची मी परतफेड करीन. व्याज आईला सांगू नका.

पोरानं परवा रात्री विचारलं, "पाणी आलं तेव्हा आबांनी काय केलं?" मी सांगितलं, मला तुमचा फोन आला होता. तुम्ही काहीच बोलला नाहीत, नुसता फोन कालव्याकडं धरलात. मी इकडं कानाला लावून खळखळ ऐकत उभा होतो. बराच वेळ. मग तुम्ही फोन जवळ घेऊन एवढंच म्हणालात, "पुढचं आवर्तन कधी सुटंल रे?"

पोरगं हसलं. म्हणालं, "मीपण सिल्कसाँग संपवल्यावर हेच विचारलं होतं."

पाकिटावर जिल्हा अहिल्यानगर लिहिलाय. हात अजून अहमदनगरच लिहायला जातो. नाव बदलण्याची घोषणा चोंडीत झाली तीही ३१ मे २०२३ लाच, चाचणीचं पाणी सुटलं त्याच दिवशी. त्या दिवशी तुम्हाला नावाबद्दल विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "थांब, आधी पाणी बघू दे."

आईला सांगा, गोडा मसाला संपलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवा.

तुमचा,
थोरला

ता. क. : वकीलसाहेबांना दिलेले पाचशे रुपये परत मागू नका. तारीख पुन्हा पुढं गेली तर लागतील.