समासातले शेरेकर

वाचनालयातून आणलेलं पुस्तक उघडावं आणि पहिल्याच पानावर पेन्सिलीने 'प्रस्तावना वाचू नये, वेळ जातो' असं कुणी बजावून ठेवलेलं असावं, की ओळखायचं, हे पुस्तक शेरेकरांच्या हातून गेलेलं आहे. त्यांचं खरं आडनाव गावागणिक वेगळं असतं, आपण सोयीसाठी शेरेकर म्हणू. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक वाचनाला दोनशे वर्षं होत आली. सार्वजनिक पुस्तकात खासगी मत नोंदवणारा हा सभासद त्यातल्या पहिल्याच आठवड्यात वर्गणी भरून मोकळा झाला असणार, अशी दाट शंका आहे.

शेरेकर शक्यतो निवृत्त असतात, तेही बहुधा लेखा विभागातून. सगळी नोकरी दुसऱ्यांच्या कागदांवर 'खुलासा करावा' असं लिहिण्यात गेलेली. निवृत्तीनंतर कागद यायचे थांबले, हात थांबला नाही. वाचनालयाचं दार उघडायच्या आधी ते पायरीवर हजर असतात. काखेत कापडी पिशवी, पिशवीत बदलायचं पुस्तक, सदऱ्याच्या खिशात बोटभर उरलेली पेन्सिल. शाईने लिहिणाऱ्यांबद्दल त्यांचं मत फार वाईट आहे.

पहिला हल्ला शुद्धलेखनावर. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांना १९६२ साली सरकारी मान्यता मिळाली आणि मराठीतले कितीतरी अनुस्वार पेन्शन न घेता सेवानिवृत्त झाले. शेरेकर त्यांना पुन्हा कामावर घेतात. 'नाव'वर टिंब, 'पाच'वर टिंब, 'काही'वर तर दोन. त्याच वाचनालयात दुसरा एक सभासद खोडरबर घेऊन ही टिंबं काढत फिरतो. दोघांची भेट कधी झालेली नाही. पानांना मात्र भोकं पडली आहेत.

कादंबरीत शिरले की शेरेकर खुलतात. पुण्यात वडिलांचे पैसे उडवणाऱ्या 'कोसला'तल्या पांडुरंग सांगवीकराच्या खर्चाची त्यांनी समासात बेरीज मांडली आहे. 'ययाति'ला १९७४ साली ज्ञानपीठ मिळालं, शेरेकरांकडे ती काठावर पास. त्या कादंबरीत ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली बाजू सांगतात. चौथी बाजू शेरेकर मांडतात. रहस्यकथांना त्यांनी हात लावू नये म्हणून मात्र वाचनालयाने खास ठराव करायला हरकत नव्हती. तिसऱ्या पानावर मेव्हण्याचा प्रवेश होतो न होतो, तोच शेजारी बारीक अक्षरात 'हाच' लिहिलेलं असतं.

काउंटरवरच्या बाईंनी एकदा त्यांना धरलंच. शेरेकर तयारीत होते. कोलरिज नावाचा थोर इंग्रज कवी लोकांच्या पुस्तकांत असंच लिहायचा, आणि त्याने लिहावं म्हणून मित्र मुद्दाम त्याला पुस्तकं देत असत, असं त्यांनी ऐकवलं. गोष्ट खरी आहे. बाई म्हणाल्या, "मित्र आपली पुस्तकं देत होते काका. आमच्याकडे तपासणीला जिल्हा ग्रंथालय अधिकारी येतात." शिवाय मराठीपुरतं बोलायचं तर या प्रश्नाचा निकाल शके १५०६ मध्येच लागला आहे. एकाने समासात काही लिहायचं, पुढच्या नकलाकाराने ते मूळचंच समजून आत घ्यायचं, असं होत होत पोथ्या बिघडतात. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत स्वतःच्या ओव्या घुसडणाऱ्यांना चांगलाच दम भरून ठेवला. शेरेकरांना हे माहीत आहे. त्यांच्या मते तो दम इतरांसाठी होता.

वाचनालयातल्या 'मृत्युंजय'चं एक पान मात्र मुद्दाम बघण्यासारखं आहे. कर्णाकडे कवचकुंडलं मागायला इंद्र आला आहे. समासात शेरेकरांच्या पेन्सिलीने, 'देऊ नकोस!' खाली कुणाच्या तरी निळ्या बॉलपेनने, 'आता सांगून काय उपयोग?' त्याखाली गोल, टपोऱ्या अक्षरात, 'आमच्याकडेही स्वभाव असाच. बाहेरच्यांना सगळं, घरच्यांना उपदेश.' आणि तळाशी पुन्हा पेन्सिल, 'भगिनी, सविस्तर लिहावे.'

शेरेकर अक्षरावरून सभासद ओळखतात, पण या अक्षराने त्यांना चकवलं. पुढे ते पुस्तक त्यांनी पुन्हा पुन्हा बदलून नेलं. कर्णाचं काय झालं हे त्यांना पाठ होतं. उत्तर आलं का, एवढंच बघायचं होतं. मध्यंतरी बाईंनी भिंतीवर 'सभासदांनी पुस्तकात काही लिहू नये' अशी पाटी लावली. दुसऱ्या दिवशी पाटीवर तीन अनुस्वार जास्त होते.

त्यांच्या घरचं कपाट उघडलं तर कुणाचाही विश्वास बसणार नाही. 'स्मृतिचित्रे', 'ऋतुचक्र', 'व्यक्ती आणि वल्ली', प्रत्येकाला जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाचं कव्हर, कोपरा दुमडलेला नाही, आत पेन्सिलीचा ठिपका नाही. 'स्मृतिचित्रे' तर ते दरवर्षी वाचतात आणि लक्ष्मीबाई टिळकांपुढे त्यांची पेन्सिल मुकाट असते. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "स्वतःचं पुस्तक कुणी खराब करतं का?" घरात लिहायचं काम तसंही त्यांच्याकडेच, अगदी दुधाच्या हिशेबापर्यंत. वाचनालयातून आणलेलं पुस्तक दुपारी ते झोपले की शेरेकरकाकू वाचतात. त्यांचा वेगळा सभासद क्रमांक नाही, त्यामुळे त्या वाचतात हे वाचनालयाला माहीत नाही.

गेल्या वर्षी वाचनालयाने जीर्ण पुस्तकं निकालात काढली. शेरेकरांनी गठ्ठ्यातून नेमकं ते 'मृत्युंजय' उचललं, पैसे मोजले, घरी येऊन कव्हर घातलं आणि गॅलरीत खोडरबर घेऊन बसले. पुस्तक आता स्वतःचं झालं होतं. स्वतःचे शेरे खोडता खोडता पुस्तकं कशी वापरावीत याचं लोकांना वळणच नाही, असं ते मोठ्याने बोलत होते. इंद्राच्या पानापर्यंत आले, तेवढ्यात काकू चहा घेऊन बाहेर आल्या. कप कठड्यावर ठेवत म्हणाल्या, "तुमचं काय ते पुसा. माझं राहू द्या."