हस्कीवाले भाऊ

ज्या नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला, तिथे सायबेरियाचा कुत्रा पाळायला छाती लागते. नंदनवनातल्या हस्कीवाल्या भाऊंकडे ती आहे, आणि तिच्यावर कायम चार-दोन पांढरे केसही आहेत. केडीके कॉलेजच्या आसपास कोणत्याही ले-आउटमध्ये शिरा, असा एक भाऊ निघतोच.

त्यांच्या कुत्रीचं नाव बर्फी. नवतपा लागायच्या आत तिच्या खोलीतल्या कूलरला वुडवूलच्या नव्या ताट्या बसतात. तिच्या उतरवलेल्या ताट्या मग भाऊंच्या कूलरला.

पहाटे ऊन चढायच्या आत भाऊ ओट्यावर बसतात. डाव्या हातानं केसांत भांग पाडायचा, कातडी दिसली की लांब दातांची फणी हळूच ओढायची. आतली मऊ लोकर मूठ-मूठ सुटते. थंड मुलखात हा कुत्रा वर्षातून दोनदा लोकर टाकतो. बर्फीनं नंदनवनात बाराही महिने धरले आहेत. समोरच्या काकूंनी गच्चीवर वाळवण घातलं असेल तर हाक येते, "भाऊ, यंदा कुरड्यायले केसं उगवले नं जी!"

रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण एकच सल्ला देतो. "इतकी धापा टाकून राह्यली बिचारी, गोटा काऊन नाही करत?" मग भाऊ फणी खाली ठेवतात. वरचे राठ केस ऊन अडवतात. ते काढले तर कातडी भाजेल, आणि पुन्हा पहिल्यासारखे येतील याचा भरवसा नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धाप टाकूनच ते निवतं. सुटलेली लोकर तेवढी काढायची, म्हणजे आत हवा खेळते. ऐकणाऱ्याची नजर तोवर भाऊंच्या डोक्याकडे गेलेली असते. तिथे ना वरचा थर, ना आतला. दुपारी ओला दुपट्टा.

आंघोळ विंचरल्याशिवाय नाही, नाहीतर गाठी आवळतात. नंतर ड्रायरची गार हवा, पार मुळापर्यंत. ओल राहिली की खाज सुटलीच. ड्रायर वहिनींचा होता. 'होता' हे त्यांचंच म्हणणं.

लग्नाला निघताना त्याच वहिनी दारात भाऊंना पाठमोरं उभं करतात आणि चिकटपट्टीनं काळा कोट साफ करतात. भाऊ हात वर करून निमूट उभे. फक्त एकदा मान वळवून सांगतात, "उलटं नको ओढू, केसांच्या दिशेनं ओढ."